उकळी येईपर्यंत

दारावर टकटक करून झाली आणि मग थॉमसिनला तो वास आला. आधी आला असता तर तिनं हात वर उचललाच नसता. वास मुताचा होता, आणि नॉर्विचमध्ये नदीकाठच्या या बोळांत मुताच्या वासाचं कुणाला काही वाटत नाही. घरोघरी रंगारी आणि विणकर, प्रत्येक रंगाऱ्याच्या मागच्या दारी शिळ्या मुताची पिंपं. लोकर धुवायला ते लागतं, नीळ विरघळवायला लागतं. थॉमसिन स्वतः रंगाऱ्याची बायको होती, लग्न झाल्यापासून त्याच वासात जेवत आणि झोपत आली होती. पण शिळं मूत वेगळं, ताजं वेगळं, आणि ताजं चुलीवर चढवलं की येणारा वास आणखी वेगळा. त्यात जळक्या केसांचा वास मिसळला होता, आणि तापलेल्या लोखंडाचा. एव्हिसच्या दाराच्या फटीतून तो येत होता. थॉमसिनच्या डाव्या हातात फडक्यानं झाकलेला पितळी वाडगा होता. एव्हिसच्या आजारी पोरीसाठी गरम दुधात थोडी बिअर ओतून, जायफळ किसून आणलं होतं. उजवा हात अजून दारापासून वीतभर अंतरावर तसाच होता. आत कुणी हाललं नाही. हालणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आजारी माणसाचं मूत, त्याचे केस आणि मूठभर टाचण्या भांड्यात घालायच्या आणि भांडं चुलीवर ठेवायचं. उकळी येईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि दार उघडायचं नाही. उकळी आली की उघडायचं. दारात जे माणूस पहिलं आलेलं असेल त्यानंच करणी केलेली असते. त्या टाचण्या त्याच्या आतड्यांत टोचायला लागतात, त्याला घरी राहवत नाही, आणि काहीतरी मागायच्या किंवा द्यायच्या निमित्तानं ते येतंच.

तिला आधी हसू आलं, हे सांगायला हवं. ओठांवर नाही, पोटात. आपण दूध घेऊन निघालो तेव्हा किती भल्या मनानं निघालो होतो, आणि इथं आत दोघी आपल्यासाठीच भांडं चढवून बसल्या आहेत. मग ते हसू ओसरलं. तिनं हात खाली घेतला आणि फडक्याला पुसला, काही लागलेलं नसताना. बोळ रिकामा होता. वरच्या मजल्यांवर माग चालू होते, धोट्यांचा खटखट आवाज भिंतींवरून घरंगळत खाली येत होता. विणकरांची तोंडं मागाकडे, पाठी खिडकीकडे. समोरच्या, समुद्रापलीकडून आलेल्या फ्लेमिश म्हाताऱ्याच्या खिडकीत पिवळा पक्षी पिंजऱ्यात इकडून तिकडे उड्या मारत होता. त्यानं पाहिलं असेल तर तेवढंच.

उभ्या उभ्या ती स्वतःकडे परक्या माणसासारखी पाहू लागली, आणि परक्या माणसाला जे दिसेल ते तिला फारसं आवडलं नाही. रंगाऱ्याची बायको, मूलबाळ नाही, हात कोपरापर्यंत निळे, जिभेची तिखट. पंधरवड्यामागे एव्हिसशी भांडण झालेलं, तेही सगळ्यांदेखत, पंपापाशी. बोळावर आडव्या बांधलेल्या दोरीवर तिनं निळीत रंगवलेल्या सुताच्या ओल्या लड्या टाकल्या होत्या, वारा सुटला, आणि एव्हिसनं वाळत घातलेल्या चादरीवर थेंब पडले. एव्हिस ती चादर घेऊन सरळ पंपावर आली होती.

"ही बघा, थॉमसिनबाई. आता ही मी कुणाच्या अंगाखाली घालू?"

"वाऱ्याला विचारा. वारा काय मी दोरीला बांधून ठेवते?"

"वाऱ्याला कशाला, तुमच्या नवऱ्याला विचारते. लड्या तुमच्या."

"विचारा की. आणि निळं कापड काही वाईट नसतं हो. लोक त्याचे पैसे मोजतात, तुम्हाला फुकटात मिळालं."

बायका हसल्या. एव्हिसचा चेहरा पडला, आणि थॉमसिनला त्याचं जरा वाईट वाटलं, म्हणून बादली उचलता उचलता ती समजुतीच्या सुरात म्हणाली होती, "एवढ्याशा डागाचं एवढं मनाला लावून घेता. उद्या खरंच काही मोठं आलं तर काय कराल?" बोलून ती विसरूनही गेली. दोन-तीन दिवसांनी एव्हिसच्या रोडाला ताप भरला. आता या दारात ते वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं, पण स्वतःच्या आवाजात नाही. कुणीतरी कारकून ते कोर्टात वाचून दाखवत होता, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि त्या वाचण्यात समजूत कुठंच नव्हती. उद्या, मोठं, आलं तर. यापेक्षा कमी बोललेल्या बायका फासावर गेल्या होत्या.

भांडण झालं आणि आजारपण आलं. यात नवल असं काही नाही. या बोळात रोज कुणाचं तरी कुणाशी वाजतं, आणि ताप तर वर्षभर घराघरांतून पाहुण्यासारखा फिरत असतो. पण ज्या आईची पोर जळते आहे तिला ताप नुसता आला हे पुरत नाही. तिला तो कुणीतरी पाठवलेला हवा असतो. पाठवलेली गोष्ट परत पाठवता येते. थॉमसिनला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ती त्या तापात स्वतः झोपलेली होती, आणि एव्हिसला हा भांड्याचा उपाय सांगितला होता तोही तिनंच.

रोडाच्या जन्माच्या वेळी. पडदे ओढलेले, दाराच्या कुलपाच्या भोकातसुद्धा चिंधी कोंबलेली, पुरुषांना बाहेर हाकललेलं, आणि पलंगाभोवती सात-आठ बायका गरम मसाल्याची बिअर पीत बसलेल्या. अशा वेळी प्रत्येकीनं काहीतरी सांगायचं असतं. कुणी मेलेल्या नवऱ्याची भुताटकी सांगितली, कुणी दोन डोक्यांच्या वासराची. थॉमसिनला मूल नव्हतं, त्यामुळे बाळंतपणाच्या गोष्टींत तिला वाटा नसे, पण ही एक गोष्ट तिची स्वतःची होती आणि ती तिला छान सांगता येत असे. कसं भांडं चढवलं, कशी उकळी आली, कसं दार उघडलं आणि दारात गावातली म्हातारी मार्जरी पेग उभी. इथं ती थांबत असे. बायका श्वास रोखत. "आणि आठवड्यानं मी उठून बसले," ती म्हणे, आणि हात पसरून स्वतःला दाखवी, जिवंत, चांगली जाडजूड. एव्हिस घामेजल्या चेहऱ्यानं उशीवरून ऐकत होती. टाचण्या किती घालायच्या, हेसुद्धा तिनं विचारलं होतं. त्या गोष्टीतला एक भाग मात्र थॉमसिन कधीच सांगत नसे. लपवायचा म्हणून नव्हे. त्यानं गोष्ट बिघडत होती.

राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध चालू होतं ते वर्ष, थॉमसिन तेव्हा लहान. गाव दक्षिणेकडे, दिवसाच्या वाटेवर. तिला एवढंच आठवतं की छताचं एक आढं तिच्या अंगावर यायचं आणि परत जायचं, आणि जमीन थंडीनं टणक झालेली असल्यामुळे बाहेरचं प्रत्येक पाऊल घरात ऐकू यायचं. आईनं तिच्या कानामागचे केस कापले होते. चूल पेटली होती, आई भांड्यापुढं पाठ करून बसली होती, आणि तो वास. मग दारावर टकटक झाली. हलकी, बोटांच्या पेरांची, जणू आत कुणी झोपलं असेल तर उठू नये अशी. आई हालली नाही. तिचे खांदे तेवढे वर चढले. बराच वेळ काही झालं नाही. भांडं नुसतं सूं सूं करत होतं. मग बाहेर पावलं वाजली, जवळ येणारी नाही, बाजूला जाणारी, भिंतीच्या कडेनं, आणि थांबली. आणि मग पुन्हा पावलं, ही दुसरी, फरफटणारी, काठीसकट, आणि दारावर काठीचे दोन ठोके. उकळी आली. आईनं दार उघडलं. मार्जरी पेगच्या हातात लाकडी मग होता. तिला ताक हवं होतं. आदल्या आठवड्यातही हवं होतं आणि आईनं नाही म्हटलं होतं, भरलेली बरणी मागे लपवून. हेही थॉमसिननं पलंगावरून पाहिलं होतं.

"आई, दोनदा वाजलं," ती त्या दिवशी म्हणाली होती. "आधी दुसरंच कुणीतरी होतं."

"ताप आहे तुला," आई म्हणाली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. थॉमसिननं ते पुन्हा म्हटलं नाही.

त्या वर्षी गावोगाव चेटकिणी शोधणारे लोक फिरत होते, आणि ते आले तेव्हा मार्जरी त्यांच्यासाठी आधीच पकडून ठेवलेली होती. तिला स्टुलावर बसवून रात्रीमागून रात्री झोपू दिलं नाही, आणि शेवटी तिनं सगळं कबूल केलं, सैतानानं दिलेल्या मांजराचं नावसुद्धा सांगितलं. तिला उन्हाळ्यात फाशी झाली. थॉमसिन तोवर बरी होऊन बाहेर खेळत होती, आणि तिचं बरं होणं हाच मोठा पुरावा होता. लोक तिला बघायला यायचे आणि हातावर सफरचंद ठेवायचे. आई त्यानंतर रोज संध्याकाळी मागच्या दारी ताकाचं भांडं भरून ठेवू लागली. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही. कुत्रा प्यायचा.

तेव्हा त्या दुसऱ्या कुणीतरीबद्दल, खरं तर पहिल्या, थॉमसिन पुढं पुष्कळ वर्षं विचार करत राहिली. लहानपणी तिला वाटे, तो सैतान असेल. मोठी झाल्यावर वाटे, खरी चेटकीण तीच, आणि ती सुटली. नंतर लग्न झालं, शहरात आली, पिंपं ढवळण्यात दिवस जाऊ लागले, आणि मग तिला वाटू लागलं की तापच असेल. आता मात्र ती एव्हिसच्या दारात, त्याच वासात, हातात वाडगा घेऊन उभी होती आणि तिला एकदम, काही कष्ट न पडता, कळलं की ती फिलिपाआत्या होती. वाडगा आत्याचाच होता. मरताना तिनं तो थॉमसिनला दिला होता. त्या दिवशी मार्जरीला धरून ठेवल्यावर थोड्याच वेळात आत्या आली होती, टोपलीत अंडी घेऊन, आणि तिनं पलंगापाशी बसून थॉमसिनचा हात धरला तेव्हा तिची बोटं गार होती. बाहेर बराच वेळ उभ्या राहिलेल्या माणसाची असतात तशी. आत्या सगळ्यांपेक्षा जास्त रडली होती. पुढं कोर्टात तिनं शपथेवर सांगितलं की, मार्जरीला दाराकडे जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. ते खरंही होतं. आणि त्यानंतर आत्यानं आयुष्यात कुणाच्या दारावर टकटक केली नाही. लांबूनच हाक मारायची, रस्त्यावरून: "मी आहे गं, फिलिपा, येते आहे." शहरात भेटायला आली तेव्हाही बोळाच्या तोंडापासून ओरडत आली होती. थॉमसिनचा नवरा एडमंड म्हणाला होता, "तुझ्या आत्याला दार कशासाठी असतं ते माहीत नाही का?" थॉमसिनलाही लाज वाटली होती, खेडवळपणाची. आता ती लाज उलटी फिरली आणि तिला आत्याचा राग आला, स्वच्छ, थंड राग. एका शब्दानं म्हातारी वाचली असती. मी आधी आले होते, एवढाच शब्द.

राग येऊन गेला आणि भांडं अजून उकळलं नव्हतं. आत रोडा खोकली. एडमंडचं म्हणणं असं की हे सगळं आता संपलं. "जज्ज लोक आता हसतात," तो जेवताना सांगतो. त्याला शहरातल्या कोर्टातलं सगळं कळत असतं. "मागच्या खेपेला एका शेतकऱ्यानं सांगितलं, बाई चिमणीतून उडून गेली. जज्ज म्हणाले, उडण्याविरुद्ध कायदा नाही." एडमंडला ही गोष्ट इतकी आवडते की तो ती तिसऱ्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगतो. जज्ज हसत असतील, पण जज्ज लाल झगा घालून वर्षातून दोनदा येतात आणि जातात. बोळ इथंच असतो. मागच्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या लोकांनी एका बाईच्या हातांचे अंगठे पायाच्या अंगठ्यांना बांधून तिला पाण्यात सोडलं होतं. तरंगली तर चेटकीण, बुडाली तर नाही; ती तरंगली की बुडाली यावर अजून वाद आहे. बाहेर काढल्यावर तिला कुणी कोरडं कापड दिलं नाही आणि ती पुढल्या आठवड्यात घरीच मेली, सर्दीनं, असं म्हणतात. त्याबद्दल कुणाला कोर्टात जावं लागलं नाही. थॉमसिननं ते पुलावरून पाहिलं होतं, गर्दीत, पुष्कळ लोकांच्या मागे उभं राहून. पाणी त्या दिवशी निळं होतं. वरच्या अंगाला कुणीतरी पिंप ओतलं होतं.

निघून जाता येईल का, हे तिनं पाहिलं. बोळाला तोंड एकच. टकटक ऐकली गेली आहे; दार उघडल्यावर दारात कुणी नसेल तर एव्हिस रस्त्यावर धावत येईल, विचारील, कोण गेलं आत्ता इथून? आणि कुणीतरी सांगेल, रंगाऱ्याची बायको, वाडगा घेऊन. येऊन पळालेली बाई तर उभ्या असलेल्या बाईपेक्षा वाईट. मग इथंच उभं राहायचं, दार उघडलं की हसायचं, म्हणायचं, एव्हिस, अहो हे काय करताय, मी आहे. एव्हिस तिच्या हातांकडे बघेल. तिला ते दिसत होतं: आधी हात, मग वाडगा, मग पंपावरचं वाक्य.

तेव्हा बोळाच्या तोंडाशी अर्सुला डेनी दिसली. कपाळावर रुमाल, बगलेत मातीची सुरई, एक पाय ओढत. थॉमसिननं विचार केला, असं म्हणता येणार नाही. तिचे पाय दारापासून चार पावलं बाजूला गेले, पावसाच्या पाण्याच्या पिंपापाशी, आणि तिथं वाकून तिनं एक खडाव काढली आणि ती उलटी करून झटकू लागली. आपण भिंतीच्या कडेनं गेलो, हे तिला वाकल्यावर कळलं.

"काय टोचलं बाई?" अर्सुला जवळ येत म्हणाली.

"खडा आहे काहीतरी."

"खड्यांना बरं सापडतं कोण चालतंय ते. माझ्या पायाखाली कधी येत नाहीत. म्हणत असतील, या म्हातारीचं आधीच एवढं दुखतंय, जाऊ दे." ती दम खायला थांबली. तोंडात वर एक आणि खाली दोन दात होते, आणि हसताना ती ते मुळीच झाकत नसे. "तुम्ही पण एव्हिसकडंच?"

"पोरीला दूध आणलं होतं."

"देव भलं करो. मी खमीर मागायला आले. तिच्याकडं काल नवी बिअर झाली, वरच्या फेसात खमीर असेलच. मागच्या वेळी नाही म्हणाली, पण तेव्हा ती कामाच्या घाईत होती, डोकं ठिकाणावर नव्हतं बिचारीचं. मी काही मनावर घेतलं नाही. आज असेल तर देईल."

एव्हिसनं नाही म्हटल्याचं थॉमसिनला माहीत होतं. एव्हिसनंच सांगितलं होतं, भांडणाच्या आधी, पंपावर. "गरिबांसाठी कर आपण भरतोच ना? मग दारात येऊन पुन्हा का मागायचं? एकदा द्यायचं की दोनदा?" असं ती तावातावानं म्हणाली होती, आणि मग आवाज उतरवून, "पण जाताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेली हो. काय म्हणाली असेल?" थॉमसिननंही अर्सुलाला मागच्या महिन्यात सरपण नाकारलं होतं. बोळातल्या प्रत्येक घरानं तिला काही ना काही नाकारलं होतं, आणि प्रत्येक घराला ती जाताना पुटपुटलेली ऐकू आली होती. अर्सुला कायम पुटपुटते. चालताना दुखऱ्या पायाशी बोलते. थोडं राहिलं, चल, असं काहीतरी.

आता एक शब्द पुरला असता. जाऊ नका, एवढा. अर्सुलानं विचारलं असतं, का? आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बोळाला तिनं कृतज्ञतेनं सांगितलं असतं की, थॉमसिनबाईंनी मला दारातून परत पाठवलं, फार मोठ्या मनाच्या. आणि मग पहिली टकटक तेवढी उरली असती, आणि तिचा मालक कोण ते सगळ्यांना कळलं असतं. थॉमसिन खडाव हातात धरून उभी होती. तिचा एक पाय मोज्यात, ओल्या दगडावर, गार पडत होता. त्या गारठ्याकडे तिचं फार लक्ष होतं.

"व्हा तुम्ही पुढं," ती म्हणाली.

"तुम्ही आधी आलात की. दूध निवेल."

"माझं अजून हे व्हायचंय. तुम्ही व्हा."

"म्हातारीला ताटकळायला नको म्हणून होय," अर्सुला म्हणाली. "बरं. मी तुमच्यासाठी दार उघडं ठेवते."

ती दारापाशी गेली. तिचा दुसरा हात आधारासाठी भिंतीवर होता, म्हणून तिनं सुरईच्या बुडानं ठोकलं, दोनदा, जोरात. आत भांडं उतू गेलं. निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा आवाज बाहेर आला आणि त्यामागून दाराचा अडणा निघाल्याचा. एव्हिस दारात उभी राहिली. बरेच दिवस न झोपलेल्या माणसाचा चेहरा, बाह्या वर केलेल्या, हातात लांब दांड्याचा चमचा. तिनं अर्सुलाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. जीव भांड्यात पडल्यासारखी ती दिसली. थॉमसिनला वाटलं होतं तिथं राग असेल, भीती असेल. पण ते एक प्रकारचं सुखच होतं: हीच असावी असं जिच्याबद्दल मनात होतं, तीच निघाली.

"आलीस," एव्हिस म्हणाली.

"आले बाई, खमीर थोडं—"

"माझी पोर सोड. काय हवं ते घे आणि माझी पोर सोड." एव्हिसनं तिचं मनगट धरलं. सुरई खाली पडली. फुटली नाही, घरंगळत थॉमसिनच्या पायापाशी आली. "काय म्हणत होतीस त्या दिवशी जाताना? बोल आता. मोठ्यानं बोल."

"अगं, मी कुठं काय म्हटलं?" अर्सुला अजून हसतच होती, थट्टा चाललीय अशा समजुतीनं, आणि मग तिलाही तो वास आला. तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. ती म्हातारी होती. तिलाही ते वर्ष आठवत होतं.

वर एक माग थांबला. मग दुसरा. खिडकीत डोकी आली.

"आई," आतून रोडाचा आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट. "ही नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी वाजवलं. हळू वाजवलं. मग बाजूला गेलं."

एव्हिसचा हात सुटला नाही, पण मान वळली. तिनं अर्सुलाच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं, आणि पिंपापाशी एका पायात खडाव घालून उभ्या असलेल्या थॉमसिनकडे तिची नजर आली. दार उघडं होतं. त्याच्या आत, पलंगावर, कानामागचे केस कापलेली नऊ वर्षांची पोर कोपरावर उठून बसली होती. तीही पाहत होती. थॉमसिनला आईची पाठ आठवली, आढं आठवलं, गार बोटं आठवली. फिलिपाआत्याला काय वाटलं असेल हे तिला आता कुणी सांगायला नको होतं. विशेष काही वाटत नाही. पाय गार पडलेला असतो, आणि आपण घरी जाऊन चूल पेटवावी असं वाटतं.

"थॉमसिनबाई," एव्हिस म्हणाली. हळू, जवळजवळ विनवणीनं. "तुम्ही केव्हाच्या आहात इथं? आधी तुम्ही वाजवलंत का?"

अर्सुलानंही मान वळवली. ती बोलू शकली असती. तिला खड्याचं माहीत होतं, 'व्हा पुढं' माहीत होतं. पण तिला वाटत होतं की थॉमसिनबाई सांगतीलच.

थॉमसिननं खडाव खाली ठेवली, पाय आत घातला. सुरई उचलून भिंतीशी नीट उभी केली. मग वाडगा दोन्ही हातांनी धरून ती दारापर्यंत गेली आणि अर्सुलाच्या बाजूनं, तिला अंग लागू न देता, उंबऱ्यावर चढली. वाडग्यातल्या दुधावर साय धरली होती.

"ताप आहे पोरीला," ती म्हणाली.

एव्हिसनं मान हलवली. "हो," ती म्हणाली, "ताप आहे." आणि मनगट घट्ट केलं, आणि खिडक्यांतल्या लोकांना खाली यायला हाक मारली.

थॉमसिन आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. पांघरूण पोरीच्या हनुवटीपर्यंत ओढलं. रोडा तिच्या निळ्या बोटांकडे पाहत होती. बाहेर जिन्यांवर पावलं वाजू लागली, आणि अर्सुला कुणाला तरी नाव घेऊन हाका मारत होती. ते नाव थॉमसिनचं होतं.

रोडानं ते पुन्हा म्हटलं नाही.